रेणुकादास सरांचा पेला

भूकंपानंतर लातुरात लोक तांब्यावर पेला उपडा ठेवून झोपत. पेला पडला की बाहेर पळायचं. रेणुकादास सरांनी तोच पेला आपल्या पत्र्याच्या क्लासमध्ये कॉलेजच्या पोरांना संख्याशास्त्र शिकवायला आणला. व्याख्या पाठ करून घेणाऱ्या मास्तरांवर त्यांचा भलताच राग. त्यांची पद्धत साधी होती. उत्तर बरोबर आलं की त्याच क्षणी तळहातावर भाजलेले शेंगदाणे. चुकलं तर हात रिकामाच.

पेला पडला आणि भूकंप नसताना पळालात, ही पहिल्या प्रकारची चूक. भूकंप असून बसून राहिलात, तर ती दुसऱ्या प्रकारची. आता पेला पाडायचे सर स्वतःच, टेबलाला पायाने ढोसून. म्हणजे जो बसून राही त्यालाच दाणे. महिन्याभरात पोरं अशी तयार झाली की पेला वाजताच जागेवरून हात पुढे येत.

एका दुपारी पेला पडला, पत्रे खडखडले, फळाही हलला. अख्खा वर्ग हात पसरून निवांत बसला. सर मात्र अंगणात पोचले होते, तेही एकाच चपलेवर.

धक्का थांबल्यावर चाकूरची तनुजा खिडकीशी आली. म्हणाली, "सर, भूकंप खरा होता अन् आमी बसून राहिलो. ही दुसऱ्या प्रकारची चूक हाय ना?"

उत्तर बरोबर होतं. सरांनी खिशातले दाणे काढले आणि गजांतून तिच्या तळहातावर ठेवले. आत यायला ते काही तयार नव्हते.