ठसकाबाईचं नाक

मिरचीच्या सॉसच्या त्या छोट्या कारखान्यात तिला सगळे ठसकाबाई म्हणत. कामाला लागली त्याच दिवशी तिने मिरच्या वाटायच्या खोलीचं दार उघडलं आणि तिला असा काही ठसका लागला, की भट्टीवरचे काका हातातला झारा टाकून पाणी घेऊन धावले. नाव तेव्हा पडलं ते पडलंच. पुढे हीच बाई तिथली चव घेणारी झाली, तरी नाव काही बदललं नाही.

भट्टीवरून उतरलेला सॉस ती चमच्याच्या टोकावर घेई. आधी नाकाशी धरी, मग जिभेवर, मग उकडलेल्या बटाट्याच्या फोडीवर. डोळे मिटून थोडं थांबे. तिखट काय, कोणीही करेल, असं तिचं म्हणणं. आधी मिरचीची चव पोचली पाहिजे आणि तिखटाने तिच्या मागून यायला हवं. धक्काबुक्की करत पुढे घुसणारं तिखट तिला खपत नसे. तिने मान हलवली की काका नळ सोडत आणि पलीकडच्या खोलीत बाटल्या भरायला लागत. मालकीणबाई स्वभावाने संशयी, कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघणाऱ्या. पण चवीच्या बाबतीत त्या ठसकाबाईखेरीज कोणाला विचारत नसत.

मग तिला ताप आला. चांगला सणसणीत आला आणि आला तसा गेला. जाताना तिचं नाक घेऊन गेला.

आधी तिच्या लक्षातच आलं नाही. नवरा बसगाड्या दुरुस्त करायचा. तो डिझेलने माखून घरी आला की ती त्याला दारातूनच न्हाणीघरात पिटाळायची. तापानंतर तो दोनदा तसाच येऊन पलंगावर बसला आणि ती काही बोलली नाही. आजारपणाने बायको मऊ झाली, असं समजून तो बिचारा खूश झाला. तिला खरं कळलं ते कामावर. मुरत ठेवलेल्या मिरच्यांच्या पिंपाचं झाकण तिने उचललं, वाकली, खोल श्वास घेतला. डोळे चुरचुरले, घसा खवखवला, पण वास म्हणून काही नाही. नुसती हवा. जिभेवर घेतलं तर खारट कळलं, आंबट कळलं, तिखटाने जीभ भाजलीही. पण ही लाल मिरची आहे की हिरवी, लसूण घातलाय की नाही, यातलं काहीच कळेना. तिने झाकण परत लावलं आणि काकांना म्हणाली, "ठीक आहे."

डॉक्टरकडे ती कोणाला न सांगता गेली. "येईल परत," तो म्हणाला. "बहुतेक येईल. केव्हा ते नाही सांगता येणार."

तोवर कसं तरी निभवायचं, असं तिने ठरवलं. काकांना ती आडून विचारी, "काय हो काका, आज लसूण जरा पुढे वाटतोय का?" काका म्हणत, "हो, थोडा आहे खरा." मग ती मान हलवे. आपल्याला कामावरून काढतील ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. चव घेणारी नाही, तर मग ती कोण?

त्यातच नवं संकट उभं राहिलं. जुन्या सॉसची मिरची मिळेनाशी झाली. नव्या मिरचीचे तीन नमुने काकांनी बनवले. त्यांतला एक निवडायचा होता आणि बऱ्याच दुकानांसाठी माल घेणारा एक खरेदीसाहेब तो चाखायला येणार होता. मालकीणबाई तिला म्हणाल्या, "नुसतं तिखट नको मला. चव हवी आणि तिखटही हवं. तू सांगशील तो."

तिने तिन्ही नमुने छोट्या बाटल्यांत भरून घरी नेले.

नवऱ्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नव्हता. त्याने पहिला चाखून "तिखट आहे" म्हटलं, दुसरा चाखून "हाही तिखट आहे" म्हटलं आणि तिसऱ्याला तो हात जोडून उठला. उरली नणंद. तिच्या नवऱ्याची थोरली बहीण, कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात कामाला, सध्या त्यांच्याच घरी राहणारी. नाक असं, की शेजारी कोणी साबण बदलला तरी हिला कळे. पण दोघींचा अबोला चालला होता. "हल्ली तुझ्या हाताची चव गेली गं," असं नणंद जेवताना एकदा म्हणाली होती आणि ठसकाबाईने ताटावरून उठून जाऊन दार आपटलं होतं.

आता तिने बाटल्या आणि चमचा नणंदेपुढे ठेवला. "वन्सं, जरा चाखून सांगता का? कसं लागतंय ते. सगळं सांगा, अगदी काय वाटेल ते."

नणंदेने तिच्याकडे एकदा पाहिलं, पण प्रश्न विचारला नाही. पहिली बाटली हुंगून तिने दूर सारली. "हा नुसता व्हिनेगर. नाकात घुसतोय." दुसरीशी ती जरा रेंगाळली. "हा भाजलेल्या मिरचीचा. थोडा धुरकट. इस्त्रीखाली सुती कापड तापतं ना, तसा. मला आवडला." तिसरा चमचा घेतला आणि तिचे डोळे वाहायला लागले. "हा... थांब गं, पाणी दे... हा पिकल्या फळासारखा आहे. गोडसर. मागे लसूण."

ठसकाबाईने तिन्ही पुन्हा स्वतःच्या जिभेवर घेतले. पहिला ओठांवरच चावला. दुसऱ्याचं तिखट सावकाश, घशाजवळ चढलं. तिसऱ्याचं जिभेच्या मधोमध नीट बसलं. पिकल्या फळासारखा आणि मागे लसूण, हे शब्द तिच्या जुन्या आठवणीशी जुळत होते. धुरकट म्हणजे नक्की कसं, याचा तिला अंदाज येईना. तिसरा, असं तिने मनाशी ठरवलं.

"तुला वास येत नाही ना?" नणंद एकदम म्हणाली.

ठसकाबाई बाटल्यांची बुचं लावत राहिली.

"मी काय आंधळी आहे? परवा दूध करपून काळं झालं, तू शेजारी भाजी चिरत बसली होतीस. उद्या गॅस चालू राहिला तर काय करशील? अगं, मालकिणीला सांगून टाक."

"सांगेन."

"उद्याच सांग."

"सांगते म्हटलं ना वन्सं!"

पण तिने सांगितलं नाही. तिसरा नमुना सांगून ती मोकळी झाली आणि मालकीणबाईंनी लगेच मोठा घाणा लावायला सांगितला. खरेदीसाहेबाला बाटलीत भरलेला तयार माल दाखवायचा होता.

तो यायच्या दिवशी सकाळी काकांनी ताजा घाणा उतरवला. ठसकाबाईने चमचा नाकाशी धरला, जिभेवर घेतला. मीठ बरोबर, आंबट बरोबर, तिखट जिथे हवं तिथे. "काका, कसा वाटतोय?" तिने विचारलं. पण काकांना त्या दिवशी सर्दी झाली होती. नाक ओढत ते म्हणाले, "आज मला काही विचारू नकोस बाई. तू म्हणशील ते." भट्टीशी दुसरं कोणी नव्हतं. बाहेर गाडीचा आवाज आला. तिने मान हलवली. पलीकडे बाटल्या भरायचं यंत्र खडखडायला लागलं.

खरेदीसाहेब उंच, कमी बोलणारा माणूस होता. मालकीणबाईंच्या खोलीत टेबलावर बशी, चमचे, बटाट्याच्या फोडी मांडल्या होत्या. मालकीणबाई मोठ्या अभिमानाने म्हणाल्या, "ही आमची चव घेणारी. हिलाच विचारा."

"सांगा," साहेब म्हणाला.

"आधी पिकल्या फळासारखी चव येते," ठसकाबाई पाठ केल्यासारखं म्हणाली. "गोडसर. मग लसूण. वास अगदी स्वच्छ. आणि तिखट मागून येतं."

साहेबाने चमचा उचलला. तोंडाजवळ नेला आणि तिथेच थांबला. पुन्हा हुंगला. मग न चाखता खाली ठेवला.

"याला कुबट वास येतोय."

मालकीणबाई हसल्या. "कुबट? छे हो." त्यांनी बशी उचलून नाकाशी धरली आणि त्यांचं हसू मावळलं. त्यांनी ठसकाबाईकडे पाहिलं. भिंतीपलीकडून यंत्राची खडखड तेवढी ऐकू येत होती. बाटली, बूच, बाटली, बूच.

ती खडखड ठसकाबाईच्या कानावर पडली. तो माल भरला जात होता. तिने मान हलवली म्हणून भरला जात होता. बुरशी लागलेल्या मिरच्या असतील तर? तो कोणाच्या घरी, कोणाच्या ताटात जाणार होता? ती उठली, खुर्ची मागे कलंडली. धावत पलीकडच्या खोलीत जाऊन तिने यंत्राचं बटण दाबलं. बाटल्या एकमेकींवर आपटून थांबल्या. बुचं लावणाऱ्या बाया माना वर करून बघत राहिल्या. मागोमाग मालकीणबाई आल्या, साहेब आला, काका आले.

"हा माल जाऊ देऊ नका," ती म्हणाली. "मला वास येत नाही. ताप आल्यापासून नाही. तिखट कळतं, बाकी काही कळत नाही."

"तापापासून?" मालकीणबाईंचा आवाज आश्चर्य वाटावं इतका शांत होता. "आणि तू रोज मान हलवत होतीस?"

"हो."

"मी डोळे मिटून विश्वास ठेवला गं तुझ्यावर. मी. जी स्वतःवर ठेवत नाही."

काकांनी जाऊन या घाण्यासाठी फोडलेलं मिरच्यांचं नवं पोतं उपसलं. वरच्या मिरच्या लालचुटुक होत्या, तळाच्या ओलीने काळवंडल्या होत्या. साहेब म्हणाला, "मी सोमवारी परत येतो. त्याच्यापुढे नाही थांबणार." आणि गेला.

आता मोठा प्रश्न होता तो आधीच्या मालाचा. तापानंतर तिने मान हलवलेल्या प्रत्येक घाण्याची एकेक बाटली फडताळात जपून ठेवलेली होती. त्या सगळ्या तपासायला हव्या होत्या. काकांचं नाक चोंदलेलं. मालकीणबाई हताशपणे म्हणाल्या, "आता खात्रीचं नाक आणायचं कुठून?"

"माझ्या नणंदेला बोलावू?" ठसकाबाई हळूच म्हणाली.

मालकीणबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय ते तिला वासाशिवायही कळलं. पण दुसरा इलाज नव्हता.

नणंद इस्त्री टाकून तशीच आली. बाटल्या टेबलावर ओळीने मांडल्या. एकेक बूच उघडायचं, नणंदेने हुंगायचं. ती "स्वच्छ आहे" म्हणाली की ठसकाबाईने पुढची बाटली सरकवायची. मालकीणबाई समोर हाताची घडी घालून उभ्या. एका बाटलीशी नणंद बराच वेळ थांबली. पुन्हा हुंगलं, बोटावर घेऊन चाटलं. ठसकाबाईने टेबलाची कड घट्ट धरली.

"लसूण जास्त पडलाय," नणंद शेवटी म्हणाली. "पण खराब नाही."

बाकीच्याही ठीक निघाल्या. बुरशीचा घाणा तेवढा एकच होता, तो सगळा ओतून टाकला. ठसकाबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि पदराने तोंड झाकून रडली. कोणी तिची समजूत काढायला गेलं नाही. नणंदही नाही. ती बाटल्यांना बुचं लावत होती.

सोमवारसाठी नमुने नव्याने बनवले, मिरच्या एकेक निवडून. मालकीणबाईंनी नणंदेलाच चाखायला बसवलं. पण दुसऱ्या चमच्यानंतर तिची जीभ बधिर झाली, नाक वाहायला लागलं आणि तिने सरळ हात टेकले. "वासाचं विचारा, सांगते. तिखटाचं हिला विचारा. हिच्या जिभेला काही होत नाही, दगडाची आहे." काका फिसकन हसले. मालकीणबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी दुसरी खुर्ची पुढे ओढली.

"वन्सं, तो धुरकट," ठसकाबाई म्हणाली, "तुम्हाला तेव्हाच आवडला होता ना? मी ऐकलं नाही."

"अजून आवडतो. मिरची कशी ओळखू येते त्यात."

"किती वेळ येते?"

नणंदेने जिभेवर थेंब घेतला आणि बोट वर धरलं. चव संपली तसं बोट खाली आणलं. ठसकाबाईने तोच थेंब घेतला. तिखट घशाशी चढू लागलं तेव्हा तिने आपलं बोट वर केलं. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. एकीचं बोट खाली येई तेव्हा दुसरीचं वर जाई.

"हाच," ती म्हणाली. "मीठ कणभर वाढवा काका."

साहेबाने सोमवारी तो चाखला, दुसरी फोड घेतली आणि आधी थोडाच माल मागवला. चालला तर पुढचं बघू, म्हणाला. पुढे तो चालला. नणंद अर्धा दिवस इस्त्रीच्या दुकानात आणि अर्धा दिवस कारखान्यात जाऊ लागली. ठसकाबाई सकाळी बरण्या धुवायला आणि घाणा उतरला की तिखट बघायला. मालकीणबाई तिच्याशी कामापुरतंच बोलत, आणि तेही बरेच महिने. ते तिने मुकाट्याने सोसलं. नणंदेच्या नावाची वाहवा झाली की तिला लागायचं, हेही खरं. एकदा तिने तसं बोलून दाखवलं.

"लागू दे," नणंद म्हणाली. "मलाही लागलंच होतं की, दार आपटलंस तेव्हा."

नाक अजून पुरतं आलेलं नाही. कधी कॉफीला जळक्या रबराचा वास येतो, कधी साबणाला कसलाच नाही. नवं कोणी कामाला आलं की ती स्वतःच आधी सांगून टाकते, "तिखटाचं मला विचारा. वासाचं माझ्या नणंदेला."