मंगलाक्का आणि दोन कुलपांचं स्वच्छतागृह

मंगलाक्का आमच्या प्रभागातून नगरपंचायतीवर निवडून आल्या, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांचे यजमान मल्हारराव यांना झाला. प्रभाग बायकांसाठी राखीव पडला म्हणून बायकोला उभं केलं, आता कारभार आपणच बघायचा, असा त्यांचा सरळ विचार होता. निकाल लागला तसा त्यांनी पांढरा शर्ट शिवायला टाकला आणि टेम्पोच्या काचेवर 'नगरसेविका' हे भल्यामोठ्या आणि 'पती' हे बारीक अक्षरात लिहून घेतलं. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, एक मिशीवाली नगरसेविका टेम्पो चालवतेय.

पहिल्या सभेला ते अक्कांच्या आधी जाऊन खुर्चीत बसले. मुख्याधिकारी साहेबांनी अदबीनं विचारलं, आपण कोण? मल्हाररावांना अख्खं भाषण पाठ होतं, पण या प्रश्नाची तयारी नव्हती. "मी मंगलचा," एवढंच ते बोलले. तेव्हापासून सभेच्या दिवशी ते समोरच्या चहाच्या गाड्यावर बसतात. अक्का बाहेर आल्या की काय काय ठरलं ते विचारतात. अक्का म्हणतात, "च्या प्यालासा न्हवं? मग चला."

अक्कांचं सासर मेंढपाळांचं. माणच्या कोरड्या माळावरून त्यांचा वाडा, म्हणजे माणसं, घोडी आणि मेंढरं, दर हिवाळ्यात इकडं लोणंदच्या बाजूला कॅनॉलच्या गावांत यायचा. पुढं मेंढरं विकून टेम्पो घेतला आणि ते इथलेच झाले. पण अक्कांची उभं राहायची रीत गेली नाही. कुणाचं काम अडलं की त्या ऑफिसात जातात, क्लार्कच्या टेबलासमोर उभ्या राहतात आणि त्याच्याकडं बघत राहतात. खुर्ची दिली तरी बसत नाहीत. रागावत नाहीत. चरणाऱ्या मेंढराकडं बघावं तसं निवांत बघतात. क्लार्क दोनदा पंखा वाढवतो, एकदा पाणी पितो आणि मग फाईल काढतो.

ही रीत एकाच कामाला लागू पडेना. बाजारातल्या बायकांच्या स्वच्छतागृहाला.

आमचा बाजार गुरुवारचा. त्यात अंबूबाई मेथी, शेपू, चाकवत घेऊन बसतात. सत्तरीच्या असतील. पहाटे घरनं निघाल्या की संध्याकाळी परत जाईस्तोवर पाण्याचा घोट घेत नाहीत, कारण घेतला तर जायचं कुठं? पुरुषांना सगळ्या भिंती मोकळ्या. अंबूबाईंना त्यापायी मूतखडा झाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं. अंबूबाई म्हणाल्या, पाणी पिते, पण त्याच्या पुढचं बी लिहून द्या की. डॉक्टरांकडं त्याचं औषध नव्हतं. म्हणून त्या अक्कांकडं आल्या आणि अक्कांनी शब्द दिला.

मंजुरी मिळाली. आता फक्त जागा ठरायची होती, आणि मार्चअखेरपर्यंत ठरली नाही तर निधी परत जाणार होता. अक्का बाजारभर फिरल्या. व्हायलाच पाहिजे, असं प्रत्येकजण म्हणाला. आपल्या भिंतीला नको, असंही प्रत्येकजण म्हणाला. खताबियाण्याच्या दुकानाचे लालासाहेब तर हळवेच झाले. मायमाऊलींची फार आबाळ होते, म्हणाले, आणि पलीकडच्या मोबाईलवाल्या जयराजच्या दाराकडं बोट केलं. जयराजनं उलट लालासाहेबांच्या दाराकडं केलं. देवळाजवळ देवाला चालेना, शाळेजवळ मास्तरांना. सगळ्यांना मान्य अशी एकच जागा निघाली, ती बायपासच्या पलीकडं होती. तिथं जायला अंबूबाईंना एसटी धरावी लागली असती.

मल्हारराव म्हणाले, सोड नाद, आपण बाकडी बसवू, बाकड्यावर नाव तरी येतं. अक्कांना सासऱ्यांची आठवण झाली असावी. मेंढरं रात्री रानात बसवली की रानाला फुकट खत मिळतं, तरी एखादा शेतकरी नाक मुरडायचा. वास येतो, म्हणायचा. अशाला सासरे कधी आग्रह करायचे नाहीत. ते शेजारच्याच्या बांधावर जायचे, त्याच्या मातीची मूठ उचलायचे आणि नुसती मान हलवायचे. दिवस मावळायच्या आत पहिला शेतकरी भाकरी घेऊन हजर. शेजारच्याचं रान आपल्यापेक्षा पिकणार, हे आमच्या भागात कुठल्याही वासापेक्षा वाईट.

बाजार नसलेल्या एका दुपारी अक्का इंजिनिअरला घेऊन जयराजच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. टेप लावला, चुन्याच्या फक्कीची रेघ मारली. स्वच्छतागृह हा शब्द तोंडातून काढला नाही. इथं मोठा दिवा येईल, इथनं पाण्याची लाईन, इथवर फरशी, असं जरा मोठ्यानं बोलल्या आणि चालू लागल्या. समोरच्या दुकानात लालासाहेब बियाणं मोजत होते. त्यांचा आकडा चुकला.

संध्याकाळी त्यांनी अक्कांना चहाला बोलावलं. "आमच्या बाजूला काय काटं हायत व्हय?" म्हणाले.

"आवं, तुमचा मान मोठा," अक्का म्हणाल्या. "तुमच्या दारात संडास कसा आणू?"

"मानाचं मी बघतो. दिवा कुठं येतोय तेवढं बोला."

ना हरकतीवर त्यांची सही झाली. इथवर सासऱ्यांचं शहाणपण उपयोगी पडलं. पुढचं सासऱ्यांनी शिकवलं नव्हतं, कारण त्यांच्या काळी मेंढरं सकाळी उठून दुसऱ्या रानात जायची. संडास उठत नाही. आपल्या दारातली फक्की पुसून काम समोर चाललंय म्हटल्यावर जयराज थेट सभेत तक्रार घेऊन गेला, की आमच्या हक्काचा संडास पळवला. दोघंही हट्टाला पेटले. ज्याला महिनाभर कुणी वाली नव्हता, त्यासाठी आता दोन पार्ट्या झाल्या. शेवटी अक्कांनी दोन्ही दुकानांच्या मधे, रस्ता संपतो तिथं बांधकाम घेतलं. एक भिंत लालासाहेबांकडं, एक जयराजकडं, दिवा मधोमध.

काम झकास झालं. फरशी, नळ, दाराला निळा रंग. राहिलं उद्घाटन. आमच्याकडं फीत कापल्याशिवाय नळाला पाणी आलं तरी ते आलं असं धरत नाहीत. लालासाहेबांनी त्यांचे नेते सुचवले, जयराजनं त्याचे. दोन्ही नेत्यांची अडचण सारखीच: संडासासमोर फोटो नको, आणि दुसऱ्याचा तर अजिबात नको. त्यामुळं तारीख कुणीच देईना. मधेच जयराजनं गुपचूप उरकून घेऊ नये म्हणून लालासाहेबांनी दाराला आपलं कुलूप घातलं. ते बघून जयराजनं त्याच्यावर आपलं घातलं. दोन्ही कुलपांवर आडवी फीत.

अंबूबाई दर गुरुवारी त्याच्यासमोरच मेथी मांडायच्या. अक्का दिसल्या की म्हणायच्या, "मंगल, कुलपं लय चांगली बसवलीस गं. चोराचं भ्या न्हाई आता." अक्कांचा चेहरा उतरायचा. एका गुरुवारी अंबूबाई आल्याच नाहीत. खडा पुन्हा उठला होता.

पुढच्या गुरुवारी त्या आल्या, वाकून चालत. अक्कांनी त्यांना बघितलं, घरी गेल्या आणि पाण्याची कळशी कमरेवर घेऊन परत आल्या. स्वच्छतागृहाच्या पायरीवर बसल्या आणि एक तांब्या तोंडाला लावून सावकाश रिकामा केला. मग दुसरा. मल्हारराव धावत आले. उपोषण आहे का, त्यांनी हळूच विचारलं, म्हणजे पत्रकारांना कळवतो.

"उपोषान कशाला? म्या पाणी पितीया," अक्का म्हणाल्या आणि तांब्या अंबूबाईंकडं सरकवला.

अंबूबाईंनी तांब्याकडं बघितलं, कुलपांकडं बघितलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं औषध बाजारात बसून पहिल्यांदा घेतलं. कांदेवाली उठली, मग बांगडीवाली, मग चटणीवाली. कळशी संपली तशी दुसरी आली. बायका प्यायल्या आणि पायरीवर ओळीनं गप्प बसल्या. घोषणा नाही, काही नाही. नुसत्या दोन्ही दुकानांकडं बघत होत्या.

आमच्या गावानं मोर्चे पचवलेत, रास्ता रोको पचवलेत. पण या आंदोलनाला काय म्हणायचं आणि ते किती वेळ टिकेल, हे कुणाला सांगता येईना. एवढं मात्र सगळ्यांना कळत होतं, की फार वेळ नाही. लालासाहेबांच्या दुकानातली गिऱ्हाइकं कडेकडेनं निघून गेली. अंबूबाई उठून त्यांच्या दारात गेल्या आणि ओट्याची मापं घेतल्यासारखं बघू लागल्या.

"लालासायेब," त्या म्हणाल्या, "चावी तरी द्या, न्हाईतर पोत्यांच्या मागं जागा तरी करा."

लालासाहेब किल्ली घेऊन पळाले. जयराज त्यांच्याही आधी पोचला, पण त्याचं कुलूप वरचं, आधी तेच निघायला हवं, आणि घाईत किल्ली लागेना. दोघांनी मिळून, एकमेकांच्या हाताला धरून, दार उघडलं. फीत कापायची कात्री लालासाहेबांच्या खिशात होती. ती बाहेर निघायच्या आत अंबूबाई खांद्यानं फीत तोडून आत गेल्या. बाकीच्या त्यांच्या मागं. मल्हारराव मोबाईल सरसावून फोटो घ्यायला पुढं झाले, तेव्हा अक्कांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. मल्हारराव चहाच्या गाड्यावर गेले.

उद्घाटकाच्या नावाची जागा कोनशिलेवर अजून मोकळी आहे. परवा एका नेत्यांच्या माणसाचा फोन आला, साहेब गुरुवारी मोकळे आहेत म्हणून. अक्का तेव्हा बाजारातच होत्या, अंबूबाईंच्या पोत्यावर बसून चहा पीत.

"येऊ द्या की," त्या म्हणाल्या. "पर बायकांचं हाय ते. सायबास्नी भाईरच उभं ऱ्हावं लागंल."

फोन ठेवून त्यांनी अंबूबाईंचा रिकामा कप बघितला आणि गाड्याकडं वळून आणखी एक चहा सांगितला. अंबूबाई नको म्हणाल्या नाहीत.