शिरीषाच्या ओंडक्यावरचं पिवळं

नानाखेड्यात, या हिंदी मुलखात, आमच्या शेजारी दोन मराठी जावा राहतात. प्लॉट एक, मधे भिंत. दोघींचे नवरे आता नाहीत. वाटणी मात्र त्यांच्या हयातीतच झाली, आणि तीत घरच्या महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटेही वाटले गेले: ज्येष्ठा थोरल्या वहिनींकडे, कनिष्ठा धाकट्यांकडे. भाद्रपदात मात्र धाकट्या वहिनी आपला मुखवटा ताम्हनात घेऊन थोरल्यांच्या घरी येत आणि सणाचे दिवस दोघी महालक्ष्म्या शेजारी उभ्या राहत. एरवी या दोन घरांत कोथिंबिरीचीही देवाणघेवाण नव्हती. नातं म्हणून जे काही उरलं होतं ते एवढंच.

यंदा सण तोंडावर आला असताना थोरल्या वहिनींनी मला सकाळीच हाक मारली. त्यांच्या अंगणात, भिंतीला लागून, वादळात पडलेल्या शिरीषाचा ओंडका कुजत पडला आहे. त्यावर रातोरात पिवळाधमक, फेसाळ गोळा उगवला होता. पोळीएवढा पसरलेला, वर लालसर थेंब. आमच्या गावात दाराशी हळदीचा आणि कुंकवाचा रंग एकत्र दिसला की निसर्गाचा संशय कुणी घेत नाही. कामवाली बाई लांबूनच म्हणाली, "माताजी, ये तो टोटका है. किसी ने करवाया है." करणी करवणारा हा 'किसी' कोण, ते वहिनींनी भिंतीकडे बघून ठरवलं होतं.

"भाऊजी, तुम्ही एवढं वाचता. हे काय आहे ते सांगा. नाहीतर मी यंदा तिला उंबरा चढू देत नाही."

मी भिंग आणलं. सत्कार, प्रवचनं आणि उद्घाटनं यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. श्रोते एक वहिनी आणि एक कामवाली बाई एवढेच असले की माझंही प्रवचन होतं, हे ठाऊक नव्हतं. काडीने कडा उचलून पाहिली. खाली सालीवर पिवळ्या शिरांचं जाळं पसरलं होतं. फोनमध्ये चित्रं ताडून पाहिली. शंका उरली नाही.

"ही स्लाइम मोल्डची जात," मी म्हणालो. "नाव फुलिगो. लोक हिला बुरशी समजतात, पण ही बुरशी नव्हे. वनस्पती नव्हे. प्राणीही नव्हे."

"मग आहे तरी काय?"

इथे 'निरुपद्रवी आहे, वाळून जाईल' म्हणून घरी जायला हवं होतं. पण पुढचं वाक्य फारच चांगलं होतं.

"गंमत म्हणजे, वहिनी, ही चालते. लाकडाच्या आतून, अंधारात, आपलं खाणं शोधत हळूहळू सरकते आणि मग एका रात्रीत बाहेर येते."

भिंतीपलीकडे कुणीतरी कपडे झटकत होतं. तो आवाज थांबला.

"चालते?" वहिनी म्हणाल्या. "म्हणजे तिकडून इकडे येऊ शकते?"

"तशी येऊ शकते, पण—"

"आपोआप की कुणी पाठवली तर?"

बाईने कपाळाला हात लावला. "देखा, माताजी! बाबूजी भी वही बोल रहे हैं."

मी घाईघाईने सांगू लागलो की ही साधी बुरशीच समजा, पावावर येते तशी. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आत्ताच तर म्हणालात, बुरशी नव्हे." दुपारी त्यांनी ओंडक्यावर रॉकेल ओतून घेतलं.

संध्याकाळी मी धाकट्या वहिनींकडे गेलो. त्या गव्हल्या वळत बसल्या होत्या. मी माझं सगळं शास्त्र पुन्हा सांगितलं, या वेळी खालच्या आवाजात.

"ऐकलं मी सगळं," त्या म्हणाल्या. "तुम्ही काही खोटं बोलला नाहीत, भाऊजी. नुसतं 'अहो, पावसाळ्यात होतं असं' म्हणाला असतात तर चाललं नसतं का? जाऊबाई तुमचं ऐकतात. माझं नाही ऐकत."

थोरल्यांकडे मी पुन्हा दोनदा गेलो. चहा मिळाला.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचं बोलावणं यंदा दोन्ही घरांतून आलं. थोरल्यांकडे ज्येष्ठेच्या शेजारी रिकामा पाट होता, त्यावर तांदळाची रास घातलेली. धाकट्यांकडे कनिष्ठा एकटीच उभी होती, नवी साडी नेसून. तिला उभी करायची सवय या घराला नव्हती. मखर नव्हतं, म्हणून टीव्हीचं टेबल भिंतीशी ओढलं होतं.

"नीट दिसतेय ना हो?" धाकट्या वहिनींनी विचारलं. "मी कधी एकटीने साडी नेसवली नव्हती. निऱ्या त्या करायच्या."

निऱ्या एका बाजूला घसरत होत्या. मी म्हणालो, छान दिसतेय. त्यांनी दुसरी पुरणपोळी वाढली आणि मी मान खाली घालून ती संपवली.