पातळ पुस्तक आणि राखणदार

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकवायला मी पाठ्यपुस्तक निवडलं ते एकाच कसोटीवर: मला कळलं, म्हणजे पुस्तक चांगलं. दोन नमुने आले होते. जाडं मी तिसऱ्या प्रकरणात मिटलं. पातळं दोन बैठकांत संपलं. लगेच चाळीस प्रती मागवल्या. आता आजी झाल्यावर तेव्हाच्या त्या पोरीचा, म्हणजे माझाच, कान पिळावासा वाटतो.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून थोडीच वर्षं झालेली. पेडण्याच्या आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये सहा कॉम्प्युटर, आणि मी प्रोबेशनवर. इन्स्पेक्शन नीट झालं तर नोकरी पक्की, नाहीतर घरी काजू सोलायला.

पुस्तकात मोटारींची उदाहरणं. मी अतिशहाणी, म्हटलं, आपलं उदाहरण घेऊ. राखणदार. गावाची शीव राखणारा, डोळ्यांना न दिसणारा देव, हातात काठी, पायांत वहाणा, मानाला विडी. राखणदार कसा असतो, हा आराखडा म्हणजे class. वाड्यावाड्याचा आपापला राखणदार, तो object. कळ दाबली की एक राखणदार तयार. स्क्रीनवर आकडा वाढणार, प्रिंटरवर रोमी अक्षरांत ओळ उमटणार: 'हांव हांगा आसां.' मी इथं आहे.

इन्स्पेक्शन नेमकं भर दुपारी बाराला.

"बाई, या वेळेला त्याचं नाव काढू नये," मागच्या बाकावरची शेवंती म्हणाली.

"ही लॅब आहे, शेवंती. देऊळ नव्हे."

मी तीनदा कळ दाबली. तीन ओळी उमटल्या. पुस्तक तिथंच ठेवून मी इन्स्पेक्टरना समजावायला वळले. मागं प्रिंटर पुन्हा करकरला.

चार. पाच. नऊ. मशीनजवळ कुणी नव्हतं. कुठूनसा विडीचा वास आला. सव्वीसवर स्क्रीन गोठली.

"बंद कर गो तें!" प्रिन्सिपॉल ओरडले आणि त्यांनीच कॉम्प्युटरची पिन उपटली. स्क्रीन काळी झाली.

प्रिंटर थांबला नाही. हांव हांगा आसां. हांव हांगा आसां. आणखी सात ओळी.

दाराबाहेर सगळ्यांत आधी पोचले ती मी. मुलं माझ्या मागून.

इन्स्पेक्टर जागचे हलले नव्हते. त्यांनी की-बोर्डवरून पातळ पुस्तक उचललं. "याचा कोपरा कळीवर होता. आणि प्रिंटरला स्वतःची थोडी memory असते, मॅडम. साठलेलं तो छापतोच." मग अनुक्रमणिका उघडली. "यात destructor कुठं आहे?"

काम संपलेला object पुसून जागा मोकळी करतो, तो destructor. जाड्या पुस्तकात त्यावर आख्खं प्रकरण होतं. पातळ्यात नावही नव्हतं. राखणदार म्हणून मी एकेकाला ऐसपैस जागा दिलेली, पुसला एकही नव्हता. memory भरली, मशीन अडकलं.

विडीचं मात्र त्यांनी काही सांगितलं नाही.

माझं प्रोबेशन वर्षभर वाढलं. पुढच्या तुकडीला जाडं पुस्तक लावलं, स्वतः शेवटच्या पानापर्यंत वाचून.

त्या संध्याकाळी तो छापील कागद मी टोपलीत टाकत होते. आमचा प्यून गोविंद, गावात देवापुढं गाऱ्हाणं घालणारा घाडी, त्यानं तो माझ्या हातातून काढून घेतला, नीट घडी केली आणि म्हणाला, "बाई, आपोवपाचें, देवाक बोलावपाचें पुस्तक तुमी घेतलें. परत धाडपाचें पान आसा काय ना, तें आदीं तपासपाचें."