पाहुण्याला आधी ओसरीवर

वीज मोजायचं मीटर कुठेही लावण्याआधी मिस्त्री त्याच्या काचेवर दोन बोटं टेकवायचे आणि म्हणायचे, "पाहुण्याले आधी ओसरीवर बसवा. माणूस पाहा, मंग माजघरात घ्या."

पाहुणा म्हणजे वीज, माजघर म्हणजे मीटर. ओसरी म्हणजे मीटरच्या वाटेत त्यांनी जोडलेला टॉर्चचा इवलासा दिवा. वीज बेताची असली की मुकाट पुढे जायची. अंगावर धावून आली, तर दिवा जळायचा आणि तिची वाट बंद व्हायची. महायुद्धाचे दिवस होते. विलायती मीटर एकदा गेलं की दुसरं मिळणार नव्हतं, आणि मीटरशिवाय मिस्त्रींचं अमरावतीतलं रेडिओदुरुस्तीचं दुकान चालणार नव्हतं.

माझं फुलांचं दुकान त्यांना लागूनच. दिवा जळला की मिस्त्री तो देवापुढे ठेवत आणि माझ्याकडून एक झेंडू मागून नेत.

"काय हो मिस्त्री, आज कोण गेलं?"

"ओसरीवरचा गडी गेला, भाऊ. घर वाचलं."

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. त्याच्या शेजारी दिवस बरा जातो.

त्यांच्या लेकीचं लग्न निघालं. वऱ्हाड दर्यापूरचं. मंगलाष्टकांना लाउडस्पीकर हवा हा मिस्त्रींचाच हट्ट, आणि अंतरपाट धरला तेव्हाच तो मुका झाला. फेटा सावरत मिस्त्री मीटर घेऊन धावले. घाईत जोराच्या विजेसाठी मीटरचं बटण मोठ्या आकड्यावर न्यायचं विसरले आणि तारा टेकवल्या. दिवा लख्ख पेटला आणि गेला.

मीटर वाचलं की नाही, हे दुसरा दिवा लावल्याशिवाय कळणार नव्हतं. मिस्त्रींच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना.

माझ्या हातचा हार धरून उभी असलेली लेक सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, तुमच्या टॉर्चातला दिवा द्या न. बाबाची ओसरी गेली."

नवरी अशी बोलते म्हटल्यावर बायकांनी तोंडाला पदर लावले. व्याह्यांनी मात्र टॉर्च उघडला. "घ्या, व्याही. पण आता आमाले माजघरात घ्या."

दिवा बसला. काटा हलला, मीटर वाचलं होतं. मिस्त्री इतके हसले की फेटा सुटला. बिघाड सापडला आणि मुहूर्तावर लाउडस्पीकर असा गरजला की गल्लीतली कुत्री पळाली.

निरोपाच्या वेळी मिस्त्रींनी जळलेला दिवा लेकीच्या हातात दिला. "हा ठेव जवळ, माय. यानं घर वाचवलं."

मिस्त्री जाऊन बरीच वर्षं झाली. मीटर लेकीनं दर्यापूरला नेलं. दरवर्षी दसऱ्याआधी तिचा निरोप येतो, मीटरसाठी एक हार पाठवा. आणि एक झेंडू सुटा.