‘कॅजूल’ बबनमामा

वडील गेल्यावर आई मला घेऊन दौंडला आपल्या भावाकडं, बबनमामाकडं आली. पत्र्याची एक खोली, त्यात मामा, मामी आणि आम्ही दोघी. मामा कुरकुंभला केमिकल कंपनीत जायचा. पाळीवरून आला की त्याच्या अंगाचा उग्र वास खोलीत भरायचा. घासून आंघोळ केली तरी जायचा नाही. त्याच वासात आम्ही जेवलो, त्याच वासात मी शिकले.

कामावर घेताना कुणीतरी त्याला ‘तू कॅज्युअल’ म्हणालं होतं, म्हणजे कायम नसलेला, रोजंदारीवरचा. मामाला ती पोस्ट वाटली, फिटर, वेल्डर असते तशी. मला बघायला पाहुणे आले तेव्हा तो ऐटीत म्हणाला, “कॅजूल हाय आपण, कुरकुंभला.” पाहुण्यांतला एक सुपरवायझर चहा पिता पिता फिसकन हसला. त्या हसण्याची मला आजही किळस येते. ते स्थळ मीच मोडलं.

शिरूरच्या कॉलेजातून मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, घराण्यात पहिली. तिथल्या जाडजूड कोशात तो शब्द शोधला होता. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून, आणि लॅटिनमधला मूळ धातू... पडणे. अवचित येऊन पडलं ते कॅज्युअल. मामाला सांगितलं तर खदाखदा हसला. “म्हंजी आमी वरनं पडल्यालं व्हय गं? आन् झेलाया कुनीच न्हाई?”

मागच्या महिन्यात मामा कंपनीतल्या टाकीवरून पडला. फोन आला तेव्हा मी शिरूरला शाळेत शिकवत होते. दवाखान्यात पोचले, तर त्याला ठेवलेल्या खोलीच्या दारावर लाल अक्षरं... कॅज्युअल्टी. तोच धातू, तेच पडणं. त्याच रात्री मामा गेला.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा साहेब हार घेऊन आला. मामीनं एवढंच विचारलं, “गेटवरच्या फळ्यावर ह्यांचं नाव लावनार न्हवं? मागं तो फिटर कामावर गेला, तवा त्याचं लावलं हुतं.”

“वहिनी, तो फळा कामगारांचा. हे कॅज्युअल होते.”

“व्हय, कॅजूलच की!” मामीनं रडता रडता ताठ मानेनं सांगितलं.

मी हार उचलून साहेबाच्या हातात परत दिला. “या शब्दाचा अर्थ पडलेला, साहेब. तुमच्या टाकीवरून पडलेला. नाव लावा.”

“मॅडम, भाषेचा तास नको,” म्हणत तो उठला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीची माणसं, कायम आणि कॅज्युअल, गेटबाहेरच उभी राहिली. “नाव लागल्याबिगर आत जायचं न्हाई.” मामी आणि मीही त्यांच्यात होतो. दुपारी तोच साहेब खडू घेऊन बाहेर आला.

फळ्यावर मामाचं नाव लागलं. नावापुढं लिहिलं, कामगार.