मी घासून धुतलेली मुळं

ऐका ना, हे आत्ताच्या आत्ता सांगितल्याशिवाय मला राहवणारच नाही! आज बाल्कनीतली कुंडी पालथी केली, मातीचा तो थंड, ओलसर वास आला आणि मी थेट सहावीत! कर्वेनगरला आमच्या सोसायटीमागे एका काकांचं शेत होतं, बांधावर सुरूची उंच झाडं, वारा आला की नुसती शूं शूं. आयटी कंपनीच्या बिल्डिंगसाठी शेत विकलं गेलं, तेव्हा काकांनी बांधावरचं एक रोप मला दिलं. "एवढंच उरणार बघ आमचं. जगव." मुळांना पांढरी बुरशी होती. मी अतिहुशार, रोग समजून नळाखाली घासून घासून धुतली आणि मग सोसायटीत रोप लावलं! महिन्याभरात ते पिवळं पडलं. मुळं धुतल्याचं सांगितलं तसा काकांनी कपाळाला हात लावला. "आंघोळ घातलीस व्हय पोरी? अगं, ती बुरशीच त्याला जगवती!" मला घेऊन तडक बांधावर गेले, घरघरणाऱ्या जेसीबीसमोर उभे राहिले. "थांब की लेका, घमेलंभर माती घिऊ दे, मग पाड." शेवटच्या झाडाच्या बुंध्यापाशी हातांनी उकरून पांढऱ्या धाग्यांची माती काढली, ती माझ्या रोपाला घातली. आणि ते जगलं! आता चौथ्या मजल्याला टेकलंय. हल्लीच वाचलं, झाड हवेतल्या कार्बनची साखर करून मुळांतून या बुरशीला देतं आणि त्यातला थोडा कार्बन मातीतच मुरून राहतो. म्हणजे काकांचं ते घमेलं अजून आमच्या पार्किंगशेजारी काम करतंय, आणि मी तीच बुरशी आधी नळाखाली धुऊन टाकली होती! तुम्हीपण कधी कुणाचा जीव वाचवायला जाऊन असं काही घासून काढलंय का?